मामांची विजेची बैठक

न वाचता मत देणाऱ्या माणसाची आमच्या मामांना जेवढी धास्ती वाटायची, तेवढी उसात शिरलेल्या बिबट्याचीही वाटत नसावी. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मी पिंपरी पेंढारचा, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मंचरला शिकताना मी आंबेगाव तालुक्यात त्यांच्याकडेच राहायचो. आज पिठलं करू का आमटी, असं आत्यानं विचारलं की मामा आधी डबे उघडून बघायचे, मग दोन्ही बाजू सविस्तर मांडायचे, आणि तोवर पिठलं चुलीवरून खाली उतरलेलं असायचं. सोयरिकीच्या बैठकांना त्यांना बोलावणं लोकांनी केव्हाच सोडलं होतं. एकदा त्यांनी मुलीकडच्यांना सांगितलं, "आता घटकाभर तुमी मुलाकडचे व्हा आन् बोला." दोन्हीकडची माणसं इतकी गोंधळली की शेवटी टॉवेल-टोपीचा मान भलत्याच पाहुण्यांना गेला.

तेव्हा वीज दिवसातले थोडेच तास यायची आणि विहिरीवरच्या मोटरीची पाळी निम्म्या वेळा रात्रीची असायची. सगळे वैतागलेले. अशात पेपरात एक नोटीस आली की वीज दरवाढ आणि भारनियमन यांवर पुण्यात जाहीर सुनावणी आहे, लोकांनी आपलं म्हणणं लेखी पाठवावं. मामांनी ती तीनदा वाचली. "लोकांचं ऐकून घ्यायचं म्हन्त्यात," असं त्यांनी आत्याला सांगितलं ते नातू झाल्यासारख्या आवाजात. दुसऱ्याच दिवशी एसटीनं पुण्याला जाऊन त्यांनी दरवाढीचा तो जाडजूड प्रस्ताव पिशवीत घालून आणला. तो इंग्रजीत होता. मला जेवढं कळलं तेवढं मी सोप्या मराठीत उतरवलं. ज्यांच्या घरी विजेचं बिल येतं, त्यांची यादी मीच केली आणि घरोघर झेरॉक्स वाटल्या.

मग सहा रविवार शाळेच्या पडवीत बैठक भरली. नियम दोनच. वाचलेल्यानंच बोलायचं, आणि प्रत्येकानं एकदा तरी समोरच्या बाजूनं बोलायचं. दूध डेअरीवाल्या भाऊंना मामांनी बैठकीपुरतं विजेचे इंजिनियर केलं. शेतीला रात्री वीज देणं कसं भाग आहे, हे भाऊंनी असं काही पटवून दिलं की दोन दिवस अर्ध्या गावानं डेअरीत दूधच घातलं नाही.

"मामा, दिवसा वीज द्या म्हणून सरळ लिहू की," भाऊ कुरकुरले. "एवढा अभ्यास कशापायी?"

"द्या म्हणायला काय लागतंय, राव? का द्यायची, ते सांगता आलं पायजे."

सहाव्या रविवारी सगळ्यांचं एकमत झालं. शेजारच्या गावांशी पाळी लावून दिवसाची वीज मागायची, आणि त्या बदल्यात तारेवर आकडे टाकून चोरून घेतलेली वीज बंद करायला आपणच सांगायचं, कारण आकड्यांमुळे डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळतो. तसं निवेदन लिहून खाली सह्या झाल्या. सुनावणीत मामांना काही मिनिटं मिळाली. आकड्यांचा मुद्दा आला तेव्हा समोरच्या साहेबांनी चष्मा काढून ऐकलं, हे ते पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

पाळी काही बदलली नाही. एके दिवशी वीजवाल्यांची जीप आली आणि आकडे निघाले. गावातल्यांना काय लिहून दिलंय ते ठाऊक होतं, त्यांनी आपापले आकडे आधीच उतरवले होते. सापडली ती डोंगरावरची वाडी. नाचणी आणि भात करणारी अकरा घरं, घरटी एक दिवा. मीटर मागून ती दमली होती. ती अकराही घरं अंधारात गेली.

मामा जेवेनात. पुढच्या रविवारी त्यांनी सातवी बैठक बोलावली. विषय, 'माझी चूक झाली का?' निवेदनाच्या झेरॉक्स पुन्हा घरोघर गेल्या. पडवीत मी आणि मामा, दोघंच. भाऊ सायकलवरून जाताना थांबले. "झालं ते झालं, मामा. घरी जावा," म्हणाले आणि गेले.

मला राहवेना. मी म्हटलं, "तुमचं बरोबरच होतं, मामा."

"हे वाचून म्हन्तोयस का माझ्याकडं बघून?"

मी झेरॉक्सची घडीसुद्धा उलगडली नव्हती.

"आदी वाच. मी थांबतो."

मी वाचलं. मजकुरात काही खोटं नव्हतं. खालच्या सह्या एकेक करून बघितल्या. वाडीची एकही नव्हती. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांना बिल नाही, बिल नाही म्हणून माझ्या यादीत नाव नाही, आणि म्हणून कागदही नाही. ते मी अडखळत सांगितलं.

मामांनी माझ्या हातातली झेरॉक्स घेतली आणि सह्यांवरून बोट फिरवलं. "सहा रविवारांत हे एकाच्या बी ध्यानात कसं आलं न्हाई?"

"ज्यांच्या ध्यानात आलं असतं, त्यांना आपण बोलावलंच नव्हतं."

सोमवारी सकाळी आम्ही वाडीवर गेलो. पहिल्याच घरातल्या म्हातारीनं गोधडी टाकली आणि कोरा चहा दिला. वाशाला रिकामा होल्डर लोंबत होता. मामांनी कोरा कागद मांडीवर घेतला. "आमचं चुकलं, बाई. तुमचं काय म्हणणं हाये ते सांगा, मी लिहून घेतो."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मामांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आता काय सांगायचं, पावणं. च्या घ्या, निवंल."

आजवर वाडीवरची पोरंसोरंही त्यांना मामाच म्हणायची. त्यांनी चहा संपवला आणि कागद तसाच खिशात ठेवला. उतारावर मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी धरू दिला. ओढ्यापाशी आल्यावर ते थांबले आणि वाडीकडे वळून म्हणाले, "पावणं म्हनली रं ती."