बॅटरी नवीच होती

रमाक्काबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या गावी, चिटगुप्प्यात, कुणी तिचा विषय काढला की मी पाणी मागायचो. इतकं पाणी बघून आमच्या डॉक्टरांना मधुमेहाची शंका आली होती.

बाजारात तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार हाताची टपरी. काउंटरवर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि शेजारी पेचकसांचा डबा. कुणी फोन पुढं केला की काय बिघडलं हे ती विचारायची नाही. पडद्यावर बोट टेकवायची आणि कन्नडमध्ये मोजायला लागायची, "ओंदु, एरडु, मूरु..." घरात मराठी बोलणारी ही बाई मोजायची मात्र कन्नडमध्येच, कारण पाढे कन्नड शाळेत शिकलेली. तीनच्या आत पडदा उघडला तर फोन ठणठणीत. पाचच्या पुढं गेला की मान हलवून म्हणायची, "जवाब द्यायला येळ लावायलाय. म्हंजे आत कायतर दडवलंय."

एकदा तुरीच्या एका व्यापाऱ्याचा फोन नऊ मोजले तरी उघडेना. आत शुभ सकाळचे हजारभर गुलाब निघाले.

"शेठ, ह्या बागंला पाणी कोण घालतंय?"

"पाहुण्यांनी पाठवलेत अक्का. कसं पुसावं?"

"मग पाहुण्याला पाठवा दुकानात. बिचाऱ्या फोनला कामून पाठवलाव?"

मी तिथंच बाकावर बसलेलो. मी गणिताचा निवृत्त मास्तर, पण तिच्या मोजण्यातली चूक मला कधी सापडली नाही.

माझा फोन दुपारीच मान टाकायला लागला तेव्हा तिनं माझ्यासमोर पाकीट फोडून नवी बॅटरी बसवली. घरी आलो आणि एवढी चांगली बॅटरी जपून वापरावी म्हणून सेटिंगमध्ये दिसलेली 'बचत' चालू केली. माणसं नसलेल्या खोलीतला दिवा मालवत आयुष्य काढलेला मी. बचत दिसल्यावर हात कसा आवरणार? दुसऱ्या दिवसापासून फोन गोगलगाय झाला. नाव दाबावं, चष्मा पुसावा, मग नाव उघडावं.

तिला जाऊन विचारायचं सोडून मी चहाच्या हॉटेलात म्हणालो, "रमाक्कानं नवी म्हणून जुनी बॅटरी घातली." पाकीट डोळ्यांदेखत फुटलं होतं, तरी म्हणालो. गावात माझा शब्द मास्तरचा होता, त्याला कुणी पुरावा मागत नसे. तिच्या शब्दाला मागितला. गिऱ्हाईक हळूहळू शेजारच्या हळ्ळीखेडच्या दुकानाकडं वळलं. वर्षाच्या आत टपरी बंद झाली. अक्का गुलबर्ग्याला दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागली.

पुढं डोळे दाखवायला गुलबर्ग्याला गेलो. भर रस्त्यात फोन अडकला म्हणून समोरच्या दुकानात शिरलो, तर काउंटरवर अक्का!

"या सर! तब्येत कशी हाय?" म्हणत तिनं फोन घेतला. मोजता मोजता आठावर थांबली, आत बघितलं आणि खळखळून हसली. "सर, बचत चालू ठिवलीव की! गाडीला ब्रेक लावून पळवायलाव तुमी. कवापासून?"

"बॅटरी बदलल्यापासून," मी बोलून गेलो.

तिचं हसू थांबलं. फोन पुसत ती म्हणाली, "गावात कुणीतर म्हणलं, मी जुनी बॅटरी घातले म्हणून. कोण म्हणलं ते मला आजतागायत कळलं न्हाई. तुमाला ठावं हाय का सर?"

आणि काउंटरवर बोट टेकवून, माझ्याकडं बघत, सवयीनंच असावं, ती हलक्या आवाजात मोजू लागली. "ओंदु... एरडु... मूरु... नाल्कु... ऐदु..."

मी भिंतीवरची मोबाइलची कव्हरं बघत राहिलो.

ती पुढं मोजत बसली नाही. फोन माझ्या हातात ठेवून म्हणाली, "घ्या सर. आता पटापटा जवाब देतंय."

खरंच देतो. ओंदु म्हणायच्या आत तिचं नाव उघडतं. त्याखाली मी लिहिलेला निरोप कित्येक दिवस तसाच पडून होता. गेल्या उन्हाळ्यात ती वारल्याचं कळलं तेव्हाही तो तिथंच होता, न पाठवलेला: 'अक्का, बॅटरी नवीच होती. ते मीच म्हणालो होतो. मला माफ कर.'