कणीएवढे अकरा दात

छत्तीसगढ वेगळं झालं त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत रायपूरमध्ये ज्याला त्याला काहीतरी व्हायचं होतं. नवी खाती निघत होती, नव्या पाट्या लागत होत्या. आमच्या भूशास्त्र विभागातल्या सरांनाही एक मोठं पद हवं होतं. मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. ते बूढापाऱ्यात आमच्याच गल्लीत राहायचे. मराठी घर, सणावाराला जाणं-येणं. बाबा रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते, आणि सर घरी आले की बाबा खुर्चीच्या कडेवर बसायचे, पाठ टेकायचे नाहीत.

सरांनी जबलपूरकडच्या खडकातून मातीची पोती आणली होती. ती भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, वाळवायची, आणि उरलेला चुरा चिमूट चिमूट करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे माझं काम. ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक दाणा उचलायचा. बहुतेक सगळी रेती. मग माशाचे खवले, मगरीचे दात. आणि महिन्यातून एखाद्या वेळी मांसाहारी डायनोसॉरचा दात, तांदळाच्या कणीएवढा.

मगरीचा दात गोल, शंकूसारखा. मांसाहारी डायनोसॉरचा चपटा, मागे वळलेला, आणि कडांना करवतीसारखे कंगोरे. हे कुणीही दोन दिवसांत शिकतं. पुढचं कठीण. दात लहान आहे म्हणजे प्राणी लहान, असं नसतं. मोठ्या प्राण्याच्या पिल्लाचाही तो असू शकतो. सरांचं मत तेच होतं, सगळी पिल्लं.

वर्षभरात असे अकरा दात जमले. मी प्रत्येकाच्या दोन्ही कडांचे कंगोरे मोजले, वहीत आकडे लिहिले, चित्रं काढली. त्या खडकात सापडणाऱ्या मोठ्या मांसाहारी डायनोसॉरच्या दातात पुढच्या आणि मागच्या कडेचे कंगोरे जवळपास सारखे असतात. या अकरांत पुढचे फार बारीक होते, मागचे चांगले ठसठशीत. एकदा वाटलं माझे डोळे दमले असतील. आठवडाभर हातच लावला नाही, मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तेच आलं. हा दुसराच कुणी होता, लहानखुरा, मोठा होऊनही लहानच राहणारा.

सरांना दाखवलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"तू घाई करून राहिली," ते म्हणाले. "अकरा दातांवर नवा प्राणी उभा होत नाही. वही इथे ठेवून जा, मी बघतो."

मी वही ठेवली. तेव्हा मला त्यांचा आदरच वाटला, की माणूस किती सावध आहे.

त्याच सुमारास सरांनी माझ्यासाठी स्थळ आणलं, त्यांच्या नात्यातलं. मुलगा भिलाईला इंजिनिअर. बाबा इतके खूश की महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मलाही मुलगा आवडला होता, हे खोटं कशाला सांगू?

पुढच्या उन्हाळ्यात सर परगावी असताना विभागात त्यांच्या नावाचं पाकीट आलं. मासिकाचे अंक असले की मीच फोडून कपाटात लावायची, तसं फोडलं. सरांचा लेख होता. तिसऱ्या पानावर माझी चित्रं. सातव्या दाताच्या मुळाशी शाई जराशी पसरली होती, तीसुद्धा तशीच छापलेली. कंगोऱ्यांचे आकडे माझे. निष्कर्ष माझा, की ही पिल्लं नव्हेत. लेखक एकटे सर. शेवटी आभार होते, जीपच्या ड्रायव्हरचे आणि तिकडे सर ज्यांच्या घरी उतरायचे त्या पाटलांचे. मी आभार दोनदा वाचले.

सर परतले त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले. अंक टेबलावर ठेवला.

"माझं नाव नाही, सर."

ते चिडले नाहीत. त्यांना थोडं आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तुला घरी सांगितलं नाही का? वडिलांशी बोलणं झालं होतं माझं. तुझं लग्न होणार, आडनाव बदलणार, तू काही यात राहणार नाहीस. ते म्हणाले, काही हरकत नाही."

मी पायी घरी आले. बूढा तलावाच्या कडेनं सरळ रस्ता होता, तरी पुरानी बस्तीकडून लांबचा वळसा घेतला. चूक सरांची होती, पण रस्ताभर माझ्या मनात फक्त बाबाच होते.

ते ओसरीवर पेपर वाचत होते.

"बाबा, सरांनी तुम्हाला विचारलं होतं?"

त्यांनी पेपर खाली केला. "हव. विचारलं होतं."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"त्याईनं एवढं चांगलं स्थळ आणलं. नाही काहून म्हणू? एका नावानं तुले काय फरक पडते?"

"मला का नाही सांगितलं?"

"तू ऐकली नसती," बाबा म्हणाले. ते खरंच होतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं की मला फरक पडतो.

मी मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, हा तुमचा आणि तुमच्या मार्गदर्शकांचा आपसातला प्रश्न आहे. सरांना हवं होतं ते पद मिळालं. मी त्या घरात लग्न करणार नाही म्हणून सांगितलं. मुलाचा एकदा फोन आला, मी बोलले नाही. त्याचा काही दोष नव्हता. संशोधन सोडलं, बी.एड. केलं, शाळेत भूगोल शिकवायला लागले.

आई गेल्यावर बाबांना मी नवा रायपूरला माझ्या फ्लॅटवर आणलं. औषधं, डोळ्यांत थेंब, सगळं करत होते. त्या एका गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही. एका रविवारी शेजारचे गृहस्थ, हिंदी बोलणारे पण मराठी समजणारे, चहाला आले. पेपरात सरांच्या सत्काराची बातमी होती. बाबांनी ती त्यांच्यापुढे सरकवली.

"आमच्या गल्लीतलेच. घरचे संबंध. हिनंबी तेव्हा थोडी मदत केली होती त्याईले."

"थोडी नाही," मी म्हणाले. मग त्या परक्या माणसाला मी सगळं सांगितलं. कंगोरे, वही, तिसरं पान, आणि बाबांनी दिलेला होकारही. आवाज चढला नाही. शेजारी कपातला चहा अर्धा ठेवून, "अच्छा दीदी, चलता हूँ," म्हणत उठले.

दार लागल्यावर बाबांनी पेपर पुन्हा स्वतःकडे ओढला.

"लोकासमोर सांगाची काय गरज होती?"

"मग एकट्यात तुम्ही ऐकणार होता का?"

त्यांनी पेपराची घडी केली, ती नीट बसेना, पुन्हा उलगडून केली. मी कप उचलून आत गेले.