काकूनं साहेबांना विचारलं

माझी काकू दिग्रसच्या शाळेत गणित शिकवायची. वर्गात पुस्तकी मराठी, घरी वऱ्हाडी, आणि दोन्हीकडे आवाज एकाच पट्टीतला. तिला ओरडताना मी कधी ऐकलं नाही. काका एसटीत कंडक्टर होते. पुसदच्या रस्त्यावर गावोगावी त्यांना ओळखणारी माणसं होती, कारण मागून कोणी पळत येताना दिसलं की काका घंटी वाजवून गाडी थांबवायचे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले. काकूला घरातच वेगळं राहायला सांगितलं, काकांना यवतमाळच्या दवाखान्यात हलवावं लागलं. मी यवतमाळला नोकरीला होतो, त्यामुळे औषधं आणून देणं, डॉक्टरांशी बोलणं माझ्याकडे आलं. आत जाता येत नव्हतं. एका सकाळी फोन आला, काका गेले होते.

काकूला मीच कळवलं. तिनं विचारलं, "त्याईच्या अंगात कोणता सदरा होता रे?"

मला ते माहीत नव्हतं.

काकूच्या मागच्या गल्लीत तिचाच एक जुना विद्यार्थी राहायचा. आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा, म्हणजे साहेबांचा, तो खास कार्यकर्ता. त्याला बातमी कळली तसा तो फाटकाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "काकू, साहेबाईले फोन लावतो. गाडी देतो. पोलीस अडवनार नाही. तुमी यवतमाळले जाऊन काकाले पाहून या."

काकूनं खिडकीतूनच उत्तर दिलं. "मी अजून बरी नाही झाली बाबू. मी गाडीत बसली त गाडी चालवनाऱ्याच्या घरी काय लेकरं नाहीत?"

ती गेली नाही. काकांना अग्नी दिला तो पालिकेच्या माणसांनी. मी लांब, दोरीच्या अलीकडे उभा होतो आणि काकूला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल वर धरला होता. त्यात काकूला धूर तेवढा दिसला असेल. पुढे तेरवीपर्यंत माणसं येत राहिली. एसटीतले सोबती आले, पुसद रस्त्यावरच्या गावांतले लोक मोटारसायकली काढून आले. तोवर काकू बरी झाली होती, तरी तिनं कोणाला आत घेतलं नाही. ओसरीत उभी राहून हात जोडायची, प्रत्येकाचं नाव घ्यायची आणि परत पाठवायची. तिचा सख्खा भाऊसुद्धा फाटकावर डोकं टेकून रडला आणि तसाच मागे फिरला.

त्याच दिवसांत साहेबांचा वाढदिवस आला.

व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर होता. जेसीबीच्या तोंडातून फुलं पडतायत, खाली हीऽ गर्दी, साहेबांच्या तोंडाला मास्क नाही, आणि हातात केक कापायची सुरी. गावात तेव्हा चहाची टपरी अर्धवट उघडी दिसली तरी दंडुका बसत होता. लोक चिडले. साहेबांचा खुलासा दुसऱ्या दिवशी आला: तो वाढदिवस नव्हता, ती कोरोनाची आढावा बैठक होती, केक कार्यकर्त्यांनी ऐनवेळी आणला, मास्क फोटोपुरता काढला. लोक आणखी चिडले. चुकीबद्दल राग आला होताच, पण आपल्याला इतकं खुळं समजतात याचा जास्त आला. माझ्या ऑफिसात दोन जण एकत्र चहा प्यायला बसले की तिसरा विचारायचा, "काय, आढावा चालू हाये काय?" हसायचो आम्ही, पण त्या हसण्यात मजा नव्हती.

मग लाट ओसरली, बाजार उघडला, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे धावू लागल्या आणि लोक विसरले. निदान साहेबांना तसं वाटलं असावं. निवडणूक जवळ आली तेव्हा ते कोरोनात माणूस गेलेल्या घरांना भेटी देत निघाले. एका दुपारी काकूच्या घरी आले. योगायोगानं मी तिथंच होतो.

साहेब दिवाणावर बसले. दहाबारा माणसं दारात, मोबाइल वर धरलेला एकजण, आणि चौकटीला टेकून तो मागच्या गल्लीतला कार्यकर्ता. साहेब म्हणाले, "फार मोठं दुःख झालं. काका म्हणजे देवमाणूस."

काकूनं चहा पुढे केला आणि समोर खुर्ची घेऊन बसली. मला वाटलं, आता ती शाळेतलं मराठी काढेल. तिनं घरचंच काढलं.

"साहेब, एक इचारू? आमचे हे गेले त्याच हप्त्यात तुमचा वाढदिवस झालता."

साहेब हसले. "नाही, नाही, काकू. ती आढावा बैठक होती. विरोधकांनी अर्धवट व्हिडिओ फिरवला."

"मंग पुरा दाखवा."

साहेबांनी कप खाली ठेवला. "अहो, कार्यकर्त्यांचं प्रेम असतं. लोक आपणहून येतात. त्यांना कसं थांबवणार?"

"आमच्या ह्याईच्यावरबी लोकाईचं लय प्रेम होतं," काकू म्हणाली. "मी थांबवलं."

मोबाइल धरलेल्या माणसानं हात खाली घेतला.

"साहेब, मले तुमच्याशी भांडाचं नाही. तुमी येवढंच म्हना, आमचं चुकलं. मी कोनाले सांगनार नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "काकू, पेन्शनचं वगैरे काही काम अडलं असेल तर सांगा. करून टाकू."

"काम हेच होतं."

साहेब उठले, काकांच्या फोटोला हात जोडले आणि गेले. जाताना एकजण मला पुटपुटला, "साहेब सोता घरी आलते, अन् असं बोलनं शोभते काय?" मला तर काकूचा अभिमान वाटत होता. काकू मात्र कप विसळायला मोरीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कार्यकर्ता एकटाच आला. ओसरीत उभा राहून म्हणाला, "काकू, केक म्याच आनलता. लोकंबी म्याच बोलावलते. साहेबाईले सारं मालूम होतं." मग खाली पाहत बोलला, "त्याच्यानंतर माह्याच घरी माय बिमार पडली, बायको पडली. वाचल्या. पन कोठून आलं ते कोनाले सांगतलं नाही म्या."

काकूनं त्याला आत बोलावून बसवलं. "मले सांगतलं, बरं केलं. पन मायीपुढे म्हटलं काय कधी?"

तो नाही म्हणाला. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं. नंतर गणपती मंडळाच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, उभं राहून सांगितलं. साहेबांच्या गाडीत त्याची जागा गेली. सभांचं बोलावणं बंद झालं. साहेब त्या निवडणुकीत आरामात निवडून आले, हेही सांगायला हवं.

पोरं काही दिवस त्याची टिंगल करायची. एकदा काकू भाजी घेऊन येत होती, तिनं ते ऐकलं. थांबली आणि त्याच नेहमीच्या आवाजात म्हणाली, "त्यानं आपलं चुकलं म्हटलं. मोठमोठ्याईले नाही जमलं ते. तुमाले जमते काय, पाहा एकडाव." पोरं पांगली. त्यांतली निम्मी तिच्या हाताखालून गेलेली होती.

आता तो माणूस सकाळी आईला घेऊन काकूकडे येतो. दोघी ओसरीत बसून शेंगा निवडतात, आणि तो दोघींचे फोन रिचार्ज करून देत बसलेला असतो.