पोच्यापर्यंत पाणी

माझ्या दुकानात भांडं घेऊन येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, "फक्त कल्हई करा, बाकी काही नको." मी मान हलवतो आणि माणूस गेला की भांड्याचे पोचे काढतो, कान घट्ट करतो, बूड सपाट करतो. घ्यायला आला की वर दोन शब्द सुनावतो, "भांडं आहे की फुटबॉल? सांभाळून वापरत जा जरा." चाळीस वर्षं हेच चाललंय. आगाऊ म्हणा, हट्टी म्हणा, वाकडं भांडं माझ्या दुकानातून वाकडंच परत जात नाही. आजवर कुणी तक्रारही केली नाही.

तेच वाक्य माझी ताई म्हणाली. आणि मी कसला ऐकतोय! मी तिचंही ऐकलं नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई दिवसभर लोकांचे कपडे धुवायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, बदडणं, सगळं ताईच्याच वाट्याला आलं. मी हातात येईल ते वाजवत सुटायचो म्हणून तिनं माझं नाव 'ठोक्या' ठेवलं. पुढे धंदाही ठोकाठोकीचाच निघाला, तेव्हा ती हसून हसून लोळली होती. "बघ, तुझी पत्रिका मी लिहिली!"

लग्न झालं, मुलगी झाली, नवरा लवकर गेला. मग तिनं एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. दोनशे पोरांचा भात, आमटी, भाजी. तराजू नाही, माप नाही, सगळं हाताच्या अंदाजानं. एकदा नवे मुख्याध्यापक स्वयंपाकघरात येऊन मीठ जरा कमी घाला म्हणाले. ताई म्हणाली, "सर, घंटा तुम्ही वाजवा, मीठ मी बघते." मुख्याध्यापक पुन्हा त्या दाराशी फिरकले नाहीत. अशी बाई.

घरी मात्र ती एकाच भांड्यात भात करायची. आईचं तांब्याचं पातेलं, आईला तिच्या आईकडून आलेलं. जाड, बुटकं, आतून कल्हईचं. आई गेल्यावर आम्ही दोघं त्या पातेल्यावरून भांडलो होतो, खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, "भांड्यांचं काम माझं, ते मला दे." ताई म्हणाली, "नको. तू त्याला सरळ करशील." मला राग आला. सरळ केलं तर बिघडलं कुठे? महिनाभर मी तिच्याकडे गेलो नाही.

आता त्या पातेल्याचा पोचा सांगतो. कडेला, बाहेरून बशीएवढा खड्डा आणि आतल्या बाजूनं तेवढाच फुगवटा. तो पाडला मी. पाच वर्षांचा होतो. पातेलं उलटं घालून जिन्याच्या वरच्या पायरीवर वाजवत बसलो होतो, ते सुटलं आणि घडघडत खालच्या दगडावर जाऊन आपटलं. आई आली. मी दाराआड. आणि ताई म्हणाली, "माझ्या हातून पडलं." आईनं तिला पळीनं मारलं. तिच्या दंडावर वळ उठले होते. मी दाराच्या फटीतून बघत होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नंतरही नाही. ना तिनं कधी विषय काढला, ना मी. आधी आईकडे, मग ताईकडे, जेवायला बसलो की मी पातेल्याकडे पाठ करून बसायचो. साठ वर्षं.

दोन वर्षांपूर्वी ताई विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. भाचीला आई म्हणून हाक मारायची. मला कधी ओळखायची, कधी "दुकान बंद आहे" म्हणून दार लावून घ्यायची. भाची शिवणाच्या कारखान्यात सकाळी जाते ती संध्याकाळी येते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला एकटी ठेवू नका. पण एक गोष्ट ताईच्या हातून कधी चुकत नव्हती, भात. तीन मुठी तांदूळ, पाणी, झाकण, आणि बरोबर वेळेला गॅस बंद. भाची मला म्हणाली, "मामा, जोवर तिचा भात नीट होतोय तोवर मी तिला घरातून हलवणार नाही. ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी मला माझ्या मनाचं ऐकून चालणार नाही." मी म्हणालो, "तिचा भात चुकायला जग बुडावं लागेल."

मग पातेल्याची कल्हई गेली. आतून तांबं दिसायला लागलं, अन्न कळकायला लागलं. भाची ताईला घेऊन दुकानात आली. त्या दिवशी ताईला सगळं आठवत होतं. पातेलं माझ्या हातात देताना तिनं ते सोडलं नाही, धरूनच म्हणाली, "ठोक्या, फक्त कल्हई कर. बाकी काही नको."

"हो गं बाई," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी पातेलं मांडीवर घेतलं. पोच्यावर बोट फिरवलं आणि काय झालं मला कुणास ठाऊक, म्हटलं, तिला आठवतंय तोवर हे फेडून टाकू. तोंडानं माफी मागायची माझी छाती नाही, हातानं मागू. लाकडी मोगरी घेऊन अर्धा दिवस हळूहळू, तांबं दुखवू नये अशा बेतानं ठोकलं. मग भट्टीवर धरलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं. आरशासारखं झालं. चाळीस वर्षांत इतकं चोख काम मी केलं नव्हतं.

ताईनं ते हातात घेऊन फिरवलं. आत हात घातला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुणाचं आहे हो हे?"

मी हसलो! मला वाटलं, विसरली असेल, होईल सवय. अतिशहाणा माणूस मी.

पहिल्या दिवशी भाताची खीर झाली. दुसऱ्या दिवशीही. भाचीनं मला फोन केला नाही, मनात म्हणाली, एखाददोन दिवस होतं असं. तिसऱ्या दिवशी पाणी इतकं कमी की भात करपला, पातेलं काळं पडलं, घरभर धूर झाला आणि शेजारणीनं दार फोडून ताईला बाहेर काढलं. मी धावत गेलो. ताई शेजारणीच्या पायरीवर बसली होती. मांडीवर ते जळकं पातेलं, आत हात, आणि तिचं मधलं बोट आतल्या बाजूनं गोल गोल फिरत होतं. थांबत नव्हतं.

"ताई, काय शोधतेस?"

"इथं होतं."

"काय होतं?"

"पाणी," ती म्हणाली. "पाणी इथं थांबायचं."

भाची माझ्यामागे उभी होती. ती म्हणाली, "मामा, ती बोट आत ठेवून पाणी ओतायची. बोटाला तो फुगवटा लागायचा ना, तिथवर. पाणी त्याला टेकलं की बंद. मलाही तसंच शिकवलं होतं. पोच्यापर्यंत पाणी." मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती खाली बसून ताईच्या हातांची काजळी पुसायला लागली. तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तिनं ताईला म्हाताऱ्या माणसांच्या निवासात नेऊन ठेवलं. तिला दोष देणाऱ्याची जीभ झडो. ती बिचारी बॅग भरताना रडत होती आणि ताई तिचे डोळे पुसत होती.

मी पातेलं दुकानात आणलं, घासून पुन्हा कल्हई केली. पोचा परत पाडायचा होता. पण कुठे? जागा शोधून सापडेना. खूण म्हणून राहिली नव्हती. काम चोख केलं होतं ना! मग मी निवासात जायला लागलो ते तांदळाची पिशवी घेऊन. ताईला म्हणायचो, "तीन मुठी घाल." ती मुकाट्यानं घालायची, तिची मूठ माझ्याहून लहान. ते तांदूळ घरी आणून मी त्याच पातेल्यात शिजवायचो, दर खेपेला पाणी कमीजास्त करून. कधी गच्च, कधी कच्चे. बायको म्हणाली, "वेडे झालात का?" मी म्हणालो, "झालो. जेव." अकराव्या खेपेला तिच्यासारखा मोकळा भात झाला. त्या खेपेला पाणी जिथवर ओतलं होतं तिथं बाहेरून खडूनं रेघ मारली.

पोचे काढण्यात जन्म गेला, एकही कधी पाडला नव्हता. हातोडी उचलली आणि हात खालीच येईना. तसाच बसून मी लहान पोरासारखा रडलो. मग डोळे मिटले आणि मारला एक घाव.

पातेलं घेऊन निवासात गेलो. तिथं कुणाला चूल पेटवू देत नाहीत, हे मला माहीत होतं. मला ते फक्त तिच्या हातात द्यायचं होतं. ताई खिडकीपाशी खुर्चीत होती. महिनाभर तिनं मला ओळखलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. मी पातेलं तिच्या मांडीवर ठेवलं. तिचं बोट आत गेलं, गोल फिरलं आणि थांबलं.

मला वाटलं, आता माझं नाव घेईल. मीच म्हणालो, "ताई, तो पोचा मी पाडला. तेव्हाही मीच पाडला होता."

तिनं दचकून दाराकडे बघितलं. पातेलं पदराखाली ओढून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन घाबऱ्या आवाजात म्हणाली, "हळू बोला हो. आई ऐकेल. ठोक्या लहान आहे, त्याला मार सोसणार नाही. माझ्या हातून पडलं म्हणून सांगते मी."