रंगाखालचा तडा

ती घटना आठवली की आजही आधी धडधड होते, मग हायसं वाटतं.

माझी शाळा दहावीतच सुटली. निलंग्याकडचा मी, शिपाई म्हणून लागलो आणि घरापासून लांब, नांदेडला सहायक फौजदार झालो. दसऱ्यानंतर एका डाळ मिलमधून ठाण्यात फोन आला. साखळीनं वजन उचलायच्या चेन-ब्लॉकचा हूक तुटून विजेची जड मोटार खाली आली होती. हमालाचा पाय मोडला होता. साखळी ओढणाऱ्या गड्याला मॅनेजरनंच आमच्या हवाली केलं. "यानंच झटका दिला, साहेब."

गडी रडवेला झाला होता. "म्या हळूच ओढून राहिलो होतो. हूक तर खंडेनवमीच्या पूजेला नव्यावानी रंगवलाय. शंका कशी यावी?"

निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर बसणार होता. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. माझ्या अडाणीपणापायी भलताच माणूस आत जाईल, या धास्तीनं जेवण गोड लागेना. पंचनाम्यात जप्त केलेले हुकाचे तुकडे वरिष्ठांच्या परवानगीनं विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नेले.

तिथल्या मॅडमनी भिंग माझ्याच हातात दिलं. "जमादार, रंग कुठवर गेलाय बघा."

तुटलेल्या जागी अर्धा भाग चकचकीत, ताजा होता. उरलेल्या अर्ध्यात गंज, आणि गंजावर शेंदरी रंग मुरलेला. म्हणजे तडा आधीचा, रंग नंतरचा. त्या बाईंचे उपकार मी विसरलो नाही.

मॅनेजरला समोर बसवलं. "आमच्या ठाण्यातबी खंडेनवमीला रायफलींची पूजा होते. पण आधी खोलून, पुसून, तपासून. तुमचा हूक कुणी तपासला?"

"पूजा झाली, नारळ फोडला, अजून काय तपासायचं?"

"नारळ फोडल्यानं लोखंड सांधतं काय?"

मी गंजावर मुरलेला रंग त्याच्यापुढं धरला. मग तो म्हणाला, "बारीक रेघ दिसली होती. ओरखडा समजून रंग मारायला लावला."

कॉलेजच्या लेखी अहवालानंही तेच सांगितलं. गड्याचं नाव गुन्ह्यातून निघालं, मॅनेजरवर खटला गेला. हमाल पुढं काठी टाकून चालायला लागला.

समोर आणून उभा केलेला माणूस आणि ताजा रंग, दोन्हींवर लगेच भरवसा ठेवू नये, एवढं मी त्यातून शिकलो.

पुढच्या खंडेनवमीला त्या गड्याचा फोन आला. "साहेब, औंदा नवा हूक घासला, भिंगातून बघितला, मगच हळद-कुंकू लावलं."

"आणि रंग?"

"न्हाई लावला. उघडाच लई देखणा दिसून राहिलाय."