कमालच्या दोरीवर धाडची गाठ

हा लेख मी फार लांबवला, हे आधीच सांगून टाकतो. सोनुने सरांच्या गौरव अंकाचं काम पाहणाऱ्या ताईंचे फोन आले, तेव्हा कधी म्हणालो गाडीत आहे, कधी म्हणालो रेंज नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी सरांच्या भूगोलाच्या तासावर लिहिलं. कमालवर लिहाले कोनीच नाही. तू लिहितं, का ते पान कोरं सोडू?" कोरं पान म्हटल्यावर बसलो. मंगळूरच्या बंदरालगत बर्फाच्या कारखान्यात सध्या काम करतो. दुपारच्या सुट्टीत लिहितो आहे, त्यामुळे काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

सोनुने सरांना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. मी त्यांच्या शाळेत नव्हतो. माझी ओळख झाली ती धाडच्या बाजारात, बुलढाण्याची जीप हुकली म्हणून. सावली बघून एका ओट्यावर टेकलो, तर तिथे सर सतरंजी टाकून बसलेले. पुढ्यात लाकडाच्या लहानशा चौकोनी पाट्या, प्रत्येक पाटीच्या मधोमध भोक, भोकातून ओवलेली गाठींची दोरी. मला वाटलं, विकायला असतील.

"कशा दिल्या काका?"

"इकाले नाही, शिकाले हायेत. बसतं काय?"

"किती टाइम लागते?"

"तुही जीप येईस्तोवर पुरते."

जीप आली आणि गेली. मी ओट्यावरच होतो.

त्या पाटीला कमाल म्हणतात. होकायंत्र दिशा सांगतं, पण आपण उत्तरेला किती वर आलो हे सांगत नाही. ते सांगायला अरबी आणि आपल्या किनाऱ्यावरचे खलाशी हे वापरत. दोरीची गाठ दातात धरायची, दोरी ताणून पाटी डोळ्यांसमोर न्यायची. पाटीची खालची कड जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिथे टेकवायची आणि वरच्या कडेला ध्रुवतारा येतो का बघायचं. उत्तरेकडे जावं तसा ध्रुव वर चढतो, मग पाटी जवळ आणावी लागते. दक्षिणेकडे तो खाली उतरतो, दोरी लांब सोडावी लागते. घरून निघताना खलाशी आपल्या बंदराची गाठ मारून घेई. परतताना त्या गाठीवर ध्रुव बसला की समजायचं, गावाची रेघ लागली. मग त्या रेघेवरून सरळ किनारा येईपर्यंत जात राहायचं. पुढे आरशांची, भिंगांची यंत्रं आली आणि कमाल पेटीत गेलं.

सरांनी ते पेटीतून बाहेर काढलं, तेही अशा जिल्ह्यात जिथे समुद्र फक्त नकाशात असतो. स्वतः सरांनी समुद्र पाहिलेला नाही. आधी आईचं आजारपण, मग पत्नीचं, म्हणजे आमच्या काकूंचं. काकू गेल्यावर मी म्हणालो, "सर, आता चला." सर म्हणाले, "आता कोनाले सांगू येऊन, का मी समुद्र पाहून आलो?"

सरांच्या कामाचा मोठेपणा मला दिसला तो त्यांच्या चुकीत. सुरुवातीला त्यांनी धाडची गाठ गावाजवळूनच, टेकडीच्या माथ्याला खालची कड टेकवून मारली होती. टेकडी उंच, त्यामुळे ध्रुव होता त्याहून खाली भरला. हिशेबाने धाड थेट अलिबागच्या रेषेत जाऊन बसलं. गावात हसू झालं. "सर, घरबसल्या समुद्र आनला तुमी!" हे वाक्य अजून बाजारात चालतं. मग सर राजूर घाटाच्या कडेला जाऊ लागले. तिथून उत्तरेला खाली सपाट मुलूख पसरलेला, संध्याकाळी धुरकट झाला की पाण्यासारखाच. तिथे खरी गाठ सापडली. (घाटाखाली मोताळ्याच्या स्टँडवर मिरचीची भजी फार छान मिळतात. सर चहाच घेतात.)

पण चुकीच्या गाठीच्या दोऱ्या तोवर शाळाशाळांना भेट गेल्या होत्या. सर एसटीने एकेका शाळेत जाऊन त्या बदलत सुटले. हिवरा आश्रमाच्या बाजूच्या एका शाळेत मी सोबत होतो. तिथे ती पाटी खिडकी आपटू नये म्हणून फटीत ठोकून बसवलेली. दोरी गायब.

मुख्याध्यापक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ना सर. इथून कोन जहाजावर जाऊन राह्यलं?"

सर म्हणाले, "कोनी जाओ नाही तं न जाओ. माह्या नावानं चुकीची गाठ नोको."

त्यांनी नवी दोरी ओवून दिली. खिडकीत घालायला कागदाची घडीही करून दिली. परतीच्या गाडीत मी विचारलं, ती पाटी पुन्हा खिडकीतच गेली तर? सर बाहेर बघत म्हणाले, "गेली तं गेली. बरोबर गाठीची तं गेली."

आता माझ्यावरच्या त्यांच्या मायेबद्दल. मी एका जागी टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. गावी आलो की लोक विचारतात, "काऊन आला? किती दिवस हायस? काही ठरवलं का नाही बे?" सरांनी हे कधीच विचारलं नाही. कन्याकुमारीहून आलो तेव्हा अंगात ताप होता, खिशात काही नव्हतं. सरांनी दार उघडलं, खिचडी टाकली आणि पहिला प्रश्न केला, "तिथं ध्रुव किती खाली होता बे?" मी दोरी दाखवली, किती लांब सोडावी लागली ते. सर ती गाठ बोटांनी चाचपत राहिले. मी कुठे कुठे फिरलो याची गरज असलेला माणूस जगात एकच आहे, हे मला त्या खिचडीच्या ताटावर कळलं.

अलीकडे सरांना काचबिंदूने गाठलं आहे. चंद्र दिसतो, शुक्र दिसतो. ध्रुव मुळातच मंद तारा, तो आता दिसत नाही. पाटी हातात, गाठ दातात, पण वरच्या कडेला काय आहे ते दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं. दर बाजाराला सर ओट्यावर बसतात ते त्या दुसऱ्या कोणासाठी. येणारे सावलीला बसतात, पिशवी ठेवतात, उठून जातात. मी गेलो की चार संध्याकाळी सांगतो आणि पुन्हा निघतो. कमाल उत्तर-दक्षिण सांगतं, पण गाव पूर्वेला किती दूर राहिलं ते सांगत नाही. इथे जेटीवर उभा राहून सरांची गाठ दातात धरतो, ध्रुव पाटीच्या वरच्या कडेखाली बराच उतरलेला असतो, आणि सर आत्ता घाटाच्या कडेला एकटे उभे असतील का, एवढंच मनात येतं.

सरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांच्या डोळ्यांत आहे तेवढा उजेड टिकून राहो. त्यांच्या शेजारी उभं राहून "आला सर, कडेवर आला" असं म्हणणारं माणूस त्यांना मिळो. शंभरीच्या अंकातला लेख मी वेळेत देईन.

इथे लेख संपवला होता. पण कागदाची घडी घालतानाच सरांचा फोन आला. आवाज इतका मोठा, की मी घाबरलोच.

"अरे, बाजारात माह्यासमोर मेथी घेऊन बसते ना, ते बाई घरी आली हाये! तिचा पोरगा जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागला. त्यानं फोनवर सांगतलं म्हने, इकडं ध्रुव पार खाली दिसते. बाई इचारते, म्हंजे माहं पोरगं किती खाली गेलं?"

"मग तुम्ही काय सांगितलं सर?"

"मी कायले सांगू? म्हटलं, आधी इथला पाहून घ्या, मंग त्याचा काढू. ते म्हन्ते, आजच घाटावर चला. तिले तारा साफ दिसते बे!"

मी काही म्हणणार होतो.

"ठेव आता," सर म्हणाले. "बाई दारातच उभी हाये, मी अजून बसासुदिक नाही म्हटलं."