सामानापाशी कोण बसणार

परवा सुनेनं विचारलं, "आई, पोरांना त्या पाळण्यांच्या बागेत न्यायचंय दोन दिवस. काय काय बांधून घेऊ?" मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "वाट्टेल ते घे. आई आहे की बॅगांपाशी बसायला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.  मुलाला वाटलं, या वयात म्हातारीला पाळण्यात बसायची हौस आली. हौस कसली डोंबलाची. मी त्याला एवढंच म्हटलं, आधी सामान कोण धरणार ते ठरवा, मग काय न्यायचं ते ठरवा. बांधाबांधीची एवढीच अक्कल माझ्यापाशी आहे, आणि ती मला फुकट मिळालेली नाही.

आम्ही नेवासे तालुक्यातले. चैत्रात प्रवरेच्या काठी देवीची जत्रा भरायची, आमच्या गावापासून बैलगाडीनं सकाळची वाट. उजाडता निघायचं आणि दिवस मावळायला घरी. मुक्काम नाही, काही नाही. तरी आमचे दादा, म्हणजे वडील, असं सामान बांधायचे की बघणाऱ्याला वाटावं ही माणसं गाव सोडून चालली. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "लागलं तर?" कंदील कशाला, तर येताना अंधार पडला तर? छत्री कशाला, तर वळवाचा पाऊस आला तर? एका वर्षी त्यांनी वरवंटा घेतला होता. नुसता वरवंटा. पाटा कुणीही देतं म्हणे, वरवंटा द्यायला लोक कुरकुरतात. तिथं वाटायचं काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि या सगळ्यावर वळकटी. दोन गोधड्या, एक सतरंजी आणि वरून घोंगडी, काथ्यानं आवळून बांधलेली, माझ्या कमरेएवढी उंच. कुणाला झोप आली तर? कुणाला कसंतरी झालं तर? ती दरसाल जायची आणि दरसाल तशीच्या तशी यायची.

बांधायचे दादा, पण बांधून झालं की त्यांचं काम संपलं. गाडी गाडीतळावर सोडायची, आणि गाडीत सामान ठेवायचं नाही, कारण कुणाची तरी तांब्याची घागर तिथून गेली होती. मग ते सगळं जत्रेच्या तोंडाशी एका लिंबाखाली आणून टाकायचं, आणि दादा इकडंतिकडं बघत म्हणायचे, "सामानापाशी कोण बसनार?" जसं काही उत्तर कुणाला ठाऊकच नाही. आई तोवर बसलेली असायची.

तिला जत्रेतलं काहीएक नको होतं. बांगड्या नकोत, शेवरेवडी नको. तिला पाळण्यात बसायचं होतं. त्याचं कारण ऐका, म्हणजे मी का चिडते ते कळेल.

पाळणा टेकाडावर लागायचा. मोठा लाकडी आकाशपाळणा, माणसं हातानं फिरवायची. त्याची पेटी पार वर गेली की नदी दिसायची आणि नदीपलीकडचं गाव दिसायचं. ते गाव आईचं माहेर. गावाच्या अलीकडच्या टोकाला आजीचं खळं, खळ्याच्या कडेला बाभळ. चैत्रात प्रवरेला गुडघाभर पाणी. लुगडं जरा वर खोचलं असतं तर आई चालत गेली असती आणि आजीच्या हातची भाकरी खाऊन परत आली असती.

पण जायचं नव्हतं. का? तर मामाच्या लग्नात दादांना पटका दुसऱ्या नंबराला बांधला. कुठल्याशा चुलत जावयाला आधी बांधला, आणि आमच्या दादांचा मान गेला. दादा पटका फेकून पंगतीतून उठले, मामानं हात धरला नाही, संपलं. तेव्हापासून येणंजाणं बंद. "त्यानं हितं यावं, पटका बांधावा, मग बघू," असं दादा म्हणायचे. तिकडं मामाही तसलाच, तो म्हणायचा, दिलेला पटका फेकून गेले, मी का जाऊ. दोन बाप्यांच्या डोक्यावरचं ते हातभर फडकं, आणि त्यापायी एका बाईला आपली आई भेटत नव्हती. मी तेव्हा लहान होते, तरी मला हे ऐकून चीड यायची. आता तर बोलायलाच नको.

दोन्ही गावांत फिरणारी एक कासारीण होती. बांगड्या भरता भरता ती निरोप पोचवायची. आजीनं तिच्याकडून सांगून पाठवलं होतं, जत्रेच्या दिवशी मी बाभळीवर लाल लुगडं टाकीत जाईन, वर गेलीस की बघ. तेव्हापासून आम्ही पोरं पाळण्यातून उतरलो की आई विचारायची, "लुगडं दिसलं?" आम्ही म्हणायचो, दिसलं. "आन् खाली कुनी उभं हुतं?" आम्ही म्हणायचो, हुतं. आमच्या डोळ्यांनी ती दरसाल माहेर बघायची, वळकटीला टेकून बसून.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या साली आईनं जत्रेच्या आधीच कासारणीबरोबर निरोप धाडला की औंदा मी स्वतः पाळण्यात बसणार आहे, वर गेले की पदर हलवीन. हे तिनं मला सांगितलं, बाकी कुणाला नाही. मी बारा-तेरा वर्षांची, शहाणी झालेली. मी म्हटलं, सामानापाशी मी बसेन, तू जा. आमचं ठरलं.

लिंबाखाली सामान पडलं. दादांनी नेहमीचं विचारलं. मी पुढं होऊन म्हटलं, "मी बसते."

"तू?" दादा म्हणाले. "पोरीची जात, एकटी? जत्रंत? लोक तोंडात शेन घालतील माज्या."

बरोबर आत्या होती, दादांची थोरली बहीण. आईनं तिच्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "मी बसले आस्ते गं, पन माज्या गुडघ्याला खाली बसवत न्हाई." आणि तेच गुडघे घेऊन आत्या पाळण्याकडं गेली. पेटीत बसायला गुडघे दुखत नव्हते तिचे. तिनं दोन फेऱ्या मारल्या.

मग आई दादांना म्हणाली. मी ऐकलंय, म्हणून सांगते. "आवो, जराशीक तुमी बसता का? मी एक फेरी मारून येते."

"आलोच," दादा म्हणाले. "बैल बघून आलोच. मग जा."

घोडेगावच्या बाजारातून कुणीतरी खिलारी जोडी आणली होती, ती बघायला ते गेले. ज्या माणसाच्या दावणीला स्वतःची जोडी उभी आहे, त्यानं दुसऱ्याच्या बैलाच्या तोंडात बोटं घालून दात बघत दुपार घालवली. ऊन कललं. भाकरी खाऊन झाली. धाकटा भाऊ माझ्या कडेवर रडून रडून झोपला. आई दर घटकेला मान उंच करून गाडीतळाकडं बघत होती, मग पाळण्याकडं. तिचं तोंड लाल झालं होतं. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

तेवढ्यात पाळणेवाल्यानं हाळी दिली की ही शेवटची फेरी, नंतर पेट्या सोडायच्या.

आई उठली.  पाण्याची घागर डोक्यावर घेतली, भाकरीचं गाठोडं खांद्याला अडकवलं, कंदील मनगटात घेतला, वळकटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि चालू लागली. मी मागं पळाले. म्हटलं, "आई, वळकटी माझ्याजवळ दे." ती म्हणाली, "तुज्याजवळ पोर हाय. आन् तुजा बाप म्हनंल, पोरीच्या गळ्यात सामान टाकून ही मिरवाया गेली."  मी तिला इतकं रागावलेलं कधी बघितलं नव्हतं.

पाळणेवाला म्हणाला, "बाई, सामान खाली ठिवा की."

"कुनापाशी ठिवू?" आईनं विचारलं.

 त्यानं पेटी धरून ठेवली. समोरच्या फळीवर घागर, गाठोडं आणि कंदील बसले, आणि वळकटी आईच्या मांडीवर. माझ्यासाठी जागाच उरली नाही. पाळणा हलला.

लोक आधी नुसते बघत होते. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. "बिऱ्हाड चाललं बिऱ्हाड," असं एकजण ओरडला. आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. पेटी वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. मला खालून आईचे फक्त पाय आणि वळकटीचं गोल तोंड दिसत होतं. पदर हलला नाही. मी वाट बघत होते, पण तो हलला नाही.

दादा आले तेव्हा ती उतरत होती. त्यांनी हसणारे लोक बघितले, आईला बघितलं आणि दात आवळून म्हणाले, "सगळ्या जत्रंत शोभा केलीस." ही गोष्ट पुढं आमच्या भावकीत किती वर्षं सांगितली गेली म्हणून सांगू. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, कुठंही. "ती ओ, पाळन्यात वळकटी घिऊन बसल्याली." सगळे पोट धरून हसायचे. ती वळकटी तिच्या मांडीवर आली कुठून, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

परत येताना गाडीत मी आईच्या कानाशी लागून विचारलं, "लुगडं दिसलं का?"

ती समोर बघत होती. म्हणाली, "वळकटी दिसली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मांडीवर ती कमरेएवढी वळकटी उभी, एका हातानं ती सुटू द्यायची नाही, दुसऱ्या हातानं घागर कलंडू द्यायची नाही. तिच्या डोळ्यांपुढं फेरीभर घोंगडीच होती. ना नदी, ना बाभळ. पदर हलवायला तिला तिसरा हात कुठून आणायचा होता?

दादांनी ऐकलं होतं. बरंच अंतर गेल्यावर ते पाठमोरेच म्हणाले, "मंग सांगायचं न्हाई का? धरली आस्ती की मी."

धरली असती. पन्नास वर्षं होऊन गेली, दादाही गेले, पण हे वाक्य आठवलं की हातातला घास मी अजून ताटात टाकते. सांगायचं न्हाई का म्हणे. आई त्यांना एवढंच म्हणाली, "पुढल्या साली धरा."

पुढल्या साली पाळणाच आला नाही. दुष्काळानं जत्रा देवीच्या नैवेद्यापुरती झाली. माणसं खडी फोडायला गेली, बांगड्या कोण भरणार, म्हणून कासारीणही फिरकली नाही. घोडेगावच्या बाजारात आमची बैलजोडीसुद्धा गेली. आणि त्याच उन्हाळ्यात नदीपलीकडून माणूस निरोप घेऊन आला, की आजी गेली.

आई चुलीपाशी होती. तशीच उठली, पिठाच्या हातांनी. काही बांधलं नाही, काही घेतलं नाही, पायात वहाण घातली नाही. दादा दारात उभे होते. त्यांनी अडवलं नाही, आणि आयुष्यात एकदाच, "लागलं तर" म्हणाले नाहीत. मी तिच्या मागं गेले. वाटेत कुणाची तरी गाडी मिळाली, नदीशी उतरलो. नदीत पाणी नव्हतं, नुसती तापलेली वाळू. जी नदी तिला इतकी वर्षं ओलांडता आली नाही, ती आम्ही पाय न भिजता ओलांडली.

सगळं उरकल्यावर मामी आईपाशी येऊन बसली. हातात लहान बाळाची कुंची होती. लाल लुगड्याची, हातशिवणीची, कडेनं टाके जरा वाकडेतिकडे. मामी म्हणाली, "सासूबाईंनी शिवल्याली. मागल्या जत्रंत तुमी पाळन्यात दिसला त्यानला. समद्यांस्नी सांगत हुत्या, माजी लेक वर आल्ती, तिच्या मांडीवर लेकरू हुतं." पुढं म्हणाली, "मी म्हनलं, वन्सं पदर हलवीन म्हनल्या हुत्या, तर न्हाई हलवला. तर मलाच रागं भरल्या. म्हनाल्या, हात कुठला मोकळा असंल तिचा, लेकरू धरलंय की. सारखी वाट बघत हुत्या, कुनाबरूबर तरी कुंची धाडू म्हनून."

मी आईकडं बघितलं. मला वाटलं ती आता सांगेल.  आई कुंची मांडीवर घेऊन तिच्यावरचे टाके बोटानं चाचपत बसली. मामीला म्हणाली, "चांगली शिवलीय."

घरी परत येताना तिच्या हातात तेवढी एकच वस्तू होती. दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "ह्ये काय आनलंस?"

आई म्हणाली, "तुमच्या वळकटीला कुंची शिवलीय माज्या आईनं."

आणि कुंची त्यांच्यापुढं ओट्यावर ठेवून ती आत गेली.